वाळवंटाच्या देशाचं पॅव्हिलियन पावसाच्या शहरात: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाळवंटी देशासाठी जागतिक प्रदर्शनातलं राष्ट्रीय पॅव्हिलियन आखायचंय. भूखंड साधारण २,५०० चौरस मीटर, मुदत सहा महिने, प्रदर्शन परदेशातल्या दमट किनारी शहरात. कल्पनेत वाळूच्या टेकड्यांसारख्या १२ मीटर उंच लाटदार भिंती, मातीचं बांधकाम, वारा पकडणारे मनोरे म्हणजे बादगीर, आणि जाळ्या आहेत. हे सगळं शाश्वत कसं करायचं, आणि एसीशिवाय भागेल का?

एसीशिवाय भागणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पण एसी किती लागेल हे मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे, आणि खरा प्रश्न तिथेच दडलाय. वाळवंटातलं जुनं घर तीन गोष्टींच्या भरवशावर थंड राहतं: कोरडी हवा, दिवस आणि रात्र यांच्या तापमानातला मोठा फरक, आणि आत मोजकी माणसं. तुमच्या जागेत या तिन्ही गोष्टी नाहीत. त्यामुळे बादगीर, जाड भिंत, कारंजं असे घटक एकेक उचलून ड्रॉइंगवर ठेवण्याआधी प्रत्येकासमोर लिहा, की हा कशाच्या जोरावर चालतो आणि ते इथे आहे का. ही यादी करायला एक दुपार पुरते आणि त्यातून निम्मे वाद मिटतात.

उत्तर यजमान शहराप्रमाणे बदलतं. रियाधचं प्रदर्शन १ ऑक्टोबर २०३० ते ३१ मार्च २०३१ असं ठरलंय. तिथली हवा कोरडी, हंगाम हिवाळ्याचा, रात्री गार. तिथे जाड भिंत आणि बादगीर खरोखर काम करतील. ओसाकाचं २०२५ चं प्रदर्शन १३ एप्रिल ते १३ ऑक्टोबर चाललं. म्हणजे पावसाळा, दमट उन्हाळा आणि वादळांचा मोसम, तिन्ही त्यात आले. तुमची जागा या दुसऱ्या जातीची आहे, म्हणून पुढचं सगळं त्या हिशेबाने.

पाण्याने गारवा आणायच्या कल्पनेचा निकाल एका आकड्यात लागतो. पाणी उडवून हवा किती गार होऊ शकते याची मर्यादा म्हणजे वेट बल्ब तापमान. हवा ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हे तापमान २१ च्या आसपास येतं आणि चांगली यंत्रणा हवा २६ पर्यंत खाली आणते. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर वेट बल्बच २८ च्या वर असतं. खूप खटाटोप करून हवा साडेएकोणतीसपर्यंत येईल आणि तीही चिंब, म्हणजे घाम सुकणार नाही. दमट शहरात तुषार फवारणं म्हणजे रांगेतल्या माणसाचा त्रास वाढवणं. तरीही शोभेसाठी फवारे हवेच असतील तर पाणी शुद्ध करून, साठू न देता, उच्च दाबाने सोडा. कोमट साठलेल्या पाण्यात न्युमोनिया करणारा लिजिओनेला जिवाणू वाढतो आणि तुषारांवाटे थेट फुप्फुसात जातो.

आता माणसांकडे वळू. सावकाश चालणारा माणूस साधारण १३० वॅट उष्णता सोडतो. आत एका वेळी ४०० माणसं धरली तर ५२ किलोवॅट झाले, म्हणजे सुमारे १५ टन एसी. पण याहून मोठा भार ताज्या हवेचा असतो आणि नवखे आर्किटेक्ट नेमका तोच विसरतात. माणशी सेकंदाला ८ लिटर ताजी हवा धरा. ४०० जणांना सेकंदाला ३.२ घनमीटर. बाहेर ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता, आत २६ अंश आणि ५० टक्के, असं असताना एवढी हवा गार आणि कोरडी करायला सुमारे १२० किलोवॅट लागतात. म्हणजे भिंतीतून येणारी उष्णता अजून मोजलीच नाही, तोवर १७० किलोवॅटचा आकडा झाला. त्यात प्रत्येकी दोन किलोवॅटचे वीस प्रोजेक्टर लावले की आणखी ४०.

म्हणून भिंतीची जाडी वाढवून दमट हवेतल्या पॅव्हिलियनचा एसी फारसा कमी होत नाही. तो कमी होतो गार करायची जागा लहान केल्याने. आणि इथे वाळवंट तुम्हाला खूप काही शिकवतं.

लिबियातलं घदामिस, इराणमधलं यज्द किंवा जैसलमेरचा किल्ला, कुठेही पाहा. तिथे माणूस उन्हातून एकदम गार खोलीत शिरत नाही. आधी उंच भिंतींमधली अरुंद, वळणदार गल्ली, मग देवडी, मग चौक, मग आतली खोली. प्रत्येक टप्प्यावर ऊन थोडं कमी, उजेड थोडा मंद. हा क्रम दमट हवेतही चालतो, कारण त्याचा जीव सावलीत आहे. पॅव्हिलियनला हाच क्रम लावा: बाहेर ३४, गल्लीत एसी नाही पण सावली आणि पंखे, प्रवेशकक्षात २८, सभागृहात २५-२६. सेकंदाला एक मीटर वेगाने वारा लागला तर त्वचेला दोन-तीन अंश कमी वाटतात. त्यामुळे गल्लीत चांगले पंखे बसवले तर तिथे डक्ट, म्हणजे एसीची हवा वाहणारी नळी, न्यायची गरजच नाही. बाहेरून आलेल्या माणसाला २८ अंश गारच लागतात. पहिल्याच खोलीत २२ ठेवायचा आग्रह प्रायोजकांकडून हमखास येतो. तिथे ठाम राहा.

ही गल्लीच तुमची रांग असते. तासाला १,००० माणसं आत सोडायची आणि पाऊण तास थांबणं गृहीत धरायचं, तर रांगेत ७५० जण. माणशी ०.६५ चौरस मीटर धरून जवळजवळ ५०० चौरस मीटर सावली हवी, म्हणजे भूखंडाचा पाचवा हिस्सा. बहुतेक प्राथमिक ड्रॉइंगमध्ये ही जागा शून्य असते आणि शेवटच्या महिन्यात दर्शनी बाजूला ताडपत्रीचे मंडप चढतात. रांग पहिल्या दिवसापासून इमारतीच्या पोटात घ्या. गल्ली साडेतीन-चार मीटर रुंद आणि दहा-बारा मीटर उंच ठेवली तर दुपारचा डोक्यावरचा तास-दोन तास सोडून दिवसभर सावली मिळते. त्या तासांसाठी वर कापडाच्या पट्ट्या ताणायच्या, वाऱ्यात गुंडाळता येतील अशा. चढ १:२० पेक्षा तीव्र नको आणि चाकाची खुर्ची वळायला १.५ मीटरचं वर्तुळ जागोजागी मोकळं हवं.

गल्लीचे दोन धोके सांगतो. पहिला, समोरासमोरच्या कठीण समांतर भिंतींमध्ये आवाज टपटपत राहतो आणि ७५० माणसांचा कलकलाट असह्य होतो. भिंती समांतर ठेवू नका, आणि डोक्याच्या वर तीन मीटरपासून मधूनमधून आवाज शोषणारे पट्टे खोबणीत लपवा. दुसरा धोका अग्निशमनाचा. वळणावळणाची गल्ली म्हणजे तपासणाऱ्याच्या भाषेत बंद बोळ. प्रत्येक कक्षाला बाहेर पडायला दोन स्वतंत्र वाटा लागतात आणि त्या सहसा तुमच्या सगळ्यात सुंदर भिंतीतूनच काढाव्या लागतात. नियम यजमान देशाचे लागू होतात, स्वतःच्या देशाचे नाही. त्यामुळे स्थानिक आर्किटेक्ट स्पर्धेच्या टप्प्यापासून सोबत असू द्या.

गल्ली आणि गार खोली यांच्यामध्ये यज्दच्या घरात असते तशी 'हश्ती' ठेवा, म्हणजे वाट काटकोनात वळवणारी देवडी. तिथे ती खासगीपणासाठी होती, इथे ती थंड हवा अडवायला कामी येते. गटाने आत सोडत असाल तर देवडी अख्खा गट मावेल इतकी मोठी हवी. तरच बाहेरचं दार मिटल्यावर आतलं उघडता येतं. लहान ठेवली तर दोन्ही दारं दिवसभर एकदम उघडी राहतात, आणि मग एसीचा चिलर, म्हणजे गारवा तयार करणारं यंत्र, बिचारा रस्ता गार करत बसतो.

आता त्या लाटदार भिंती. मिलानच्या २०१५ च्या प्रदर्शनात संयुक्त अरब अमिरातीच्या पॅव्हिलियनला १२ मीटर उंच, वाळूवरच्या लाटांसारख्या भिंती होत्या. ब्रिटिश वास्तुसंस्था फॉस्टर अँड पार्टनर्सचं काम. पृष्ठभाग जीआरसीचा, म्हणजे काचतंतू घातलेल्या काँक्रीटचा. साहित्य योग्यच आहे: १२-१५ मिमी जाडीचं कवच पोलादी चौकटीवर, वजन भरीव काँक्रीटच्या तुलनेत किरकोळ. पण दमट हवेत तीन गोष्टी नीट बघाव्या लागतात.

पहिली पाऊस. वाळवंटातल्या भिंतीला पागोळी नसते, कारण तिथे गरज पडत नाही. आडव्या लाटांच्या प्रत्येक काठावर धूळ बसते, पाऊस ती खाली ओढतो आणि महिन्याभरात भिंतीवर काळे ओघळ दिसू लागतात. लाटा शक्यतो उभ्या किंवा तिरक्या घ्या. आडव्या हव्याच असतील तर प्रत्येक काठाचा वरचा भाग निदान १५ अंश उतरता ठेवा. भिंतीच्या माथ्यावरचं पाणी बाहेर न सोडता आतल्या बाजूच्या पन्हळीत वळवा. जिथे ते बाहेर येणारच, तिथे २५-३० मिमी पुढे आलेला काठ आणि त्याच्या खालून १० मिमीची खाच द्या, म्हणजे थेंब तिथेच सुटून पडतो. छताचाही हिशेब करा: तासाला १०० मिमी पाऊस १,५०० चौरस मीटरवर पडला तर सेकंदाला ४२ लिटर पाणी येतं. १०० मिमी पाइपला सेकंदाला पाच लिटर धरले तर आठ-नऊ पाइप लागतात, आणि ते भिंतीच्या पोकळीत आधीच मांडलेले हवेत.

दुसरी गोष्ट वारा. सुटी उभी १२ मीटर भिंत म्हणजे जहाजाचं शीड. सेकंदाला ४० मीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे १ किलोन्यूटन होतो. सुट्या भिंतीचा गुणक लावून १.२ धरा, कडेला त्याहून जास्त. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला उलथवणारा जोर ८६ किलोन्यूटन-मीटर. ३ मीटर रुंद पायावर दीडपट सुरक्षितता धरून मीटरमागे जवळजवळ पावणेनऊ टन वजन ठेवावं लागेल. ओसाकाची जागा युमेशिमा हे भरावाचं बेट होतं. अशा जमिनीवर हे वजनच डोकेदुखी होतं, आणि ते वजन काँक्रीटचं असेल तर कार्बनचा हिशेबही तिथेच बुडतो. उपाय सोपा आहे: एकही भिंत एकटी उभी करू नका. दोन भिंतींमध्ये खोली घ्या आणि वर बीमने बांधून चौकट करा. जी भिंत एकटीच राहते तिला आराखड्यात नागमोडी वळण द्या. कागद सरळ उभा राहत नाही, दुमडला की राहतो, तेच तत्त्व.

तिसरी, जीआरसीचं आकुंचन-प्रसरण. ओल आणि उन्हाने मीटरमागे एक मिमीच्या आसपास हालचाल होते. चार मीटरच्या पॅनेलला चारही कोपऱ्यांत बोल्ट घट्ट आवळले तर कोपऱ्यातून केसासारख्या भेगा सुटतात. एक टोक पक्कं, बाकीच्या जागी लांबट भोकं आणि सरकती वॉशर. साइटवर वॉशर वेल्ड करून जागा 'मजबूत' करणारा उत्साही फोरमन हमखास भेटतो. ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात लिहा. मोल्डचंही, म्हणजे साच्यांचंही, तसंच. प्रत्येक पॅनेल वेगळं केलं तर पॅनेलइतकाच मोल्डचा कचरा तयार होतो. आठ-दहा मोल्ड, उलटसुलट फिरवून वापरले, तर पाहणाऱ्याला पुनरावृत्ती कळत नाही. आणि वाळवंटातून वाळू आणायचा बेत असेल तर सोडा. वाऱ्याने फिरलेले कण इतके गोल होतात की काँक्रीटमध्ये पकड धरत नाहीत. रंग हवाय ना? दोन-तीन टक्के रंगद्रव्य पुरतं.

मातीची भिंत भावनेच्या भरात घेतली जाते. अर्ध्या मीटर जाडीच्या रॅम्ड अर्थ, म्हणजे ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या, भिंतीचं वजन चौरस मीटरला एक टन. उष्णता आरपार जायला दहा-बारा तास लागतात. पण रात्री तिला गार करायला बाहेरची हवा निदान आठ-दहा अंशांनी उतरायला हवी, आणि दमट किनाऱ्यावर ती सहसा तेवढी उतरत नाही. पावसाला टिकावी म्हणून त्यात ८ टक्के सिमेंट मिसळलं तर घनमीटरला १६० किलो सिमेंट झालं, साध्या काँक्रीटच्या निम्मं. ती भिंत उचलून नेता येत नाही आणि सिमेंट घातलेली माती पुन्हा शेतातही टाकता येत नाही. सहा महिन्यांसाठी हा सौदा तोट्याचा. दुबईच्या प्रदर्शनात मोरोक्कोच्या पॅव्हिलियनला मातीचा दर्शनी भाग होता, उंची ३३ मीटर. पण ती इमारत नंतर त्याच जागी घरांसाठी वापरायची या हेतूने आखली होती, आणि पाऊसही तिथे जेमतेम. तिथे माती शोभते. तुमच्याकडे आतल्या बाजूने २०-२५ मिमी मातीचा गिलावा द्या, सिमेंट न घालता. तो हवेतली ओल थोडीफार शोषून सोडतो, स्पर्शाला आणि वासाला खरा असतो, आणि काढल्यावर भिजवून पुन्हा वापरता येतो. ऑस्ट्रियाने त्याच दुबईत एकमेकांत गुंतलेल्या पांढऱ्या शंकूंना आतून मातीचा गिलावाच केला होता.

बादगीरचं गणितही कागदावर करून बघा. यज्दच्या दौलताबाद बागेतला बादगीर ३३ मीटरच्या वर आहे. तुमचा १२ मीटरचा असेल आणि आतबाहेर पाच अंशांचा फरक असेल, तर मिळणारा दाब सव्वादोन ते अडीच पास्कल. एसीचा एक साधा फिल्टर पन्नास-शंभर पास्कल खातो. म्हणून फिल्टर, हवा गार करणारी कॉइल आणि बादगीर एका मार्गावर ठेवायचे नाहीत. ठेवले तर बादगीर नुसतं शिल्प उरतं. मोकळ्या मार्गाने सेकंदाला ३.२ घनमीटर हवा काढायची तर आत येण्याला आणि बाहेर जाण्याला प्रत्येकी चार चौरस मीटर निव्वळ उघडी जागा हवी. लूव्हर, म्हणजे पाऊस अडवणाऱ्या तिरक्या पट्ट्या, आणि पक्ष्यांना अडवणारी जाळी लावल्यावर ती प्रत्यक्षात आठ होते. दुसरी मेख अशी, की आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार असेल तेव्हा धुराडं उलटं चालतं: जड थंड हवा खालच्या दारांतून निघून जाते आणि वरून गरम हवा आत ओढली जाते. म्हणून मनोरे गार खोल्यांवर न ठेवता गल्ली आणि चौकावर ठेवा. गार खोलीवर हवाच असेल तर घट्ट मिटणारी झडप द्या आणि ती फक्त वसंत-शरदात, किंवा रात्री सगळे गेल्यावर उघडा.

जाळीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भोकाच्या रुंदीइतकी जाळीची जाडी ठेवली तर ४५ अंशांवरचं ऊन अडतं. पश्चिमेचं ऊन याहून खाली उतरतं, तिथे उभे पट्टे लावा. जाळी आणि काच यांच्यात माणूस शिरून पुसू शकेल इतकी, साठेक सेंटिमीटर जागा ठेवा. काचेला चिकटलेली जाळी तापून उष्णता आतच देते.

आता ज्याने शाश्वतपणा खरा ठरतो तो भाग: शेवटच्या दिवसानंतर काय? याचं उत्तर तीन प्रकारांत बसतं. इमारत जशीच्या तशी दुसरीकडे जाणार, तिचे भाग विकले जाणार, किंवा भाड्याचं साहित्य परत जाणार. तीनपैकी एक आत्ताच निवडा, कारण जोडणी त्यावरून ठरते. हॅनोव्हरला २००० साली आर्किटेक्ट पीटर त्सुमटोरने स्विस पॅव्हिलियन लाकडाच्या तुळया रचून आणि पोलादी सळ्या-स्प्रिंगांनी दाबून उभं केलं. खिळा नाही, गोंद नाही. प्रदर्शन संपलं तोवर लाकूड सुकून तयार झालं होतं आणि ते विकता आलं. नेदरलँड्सने दुबईत बांधकामातली पोलादी शीट पाइल्स, म्हणजे जमिनीत उभे ठोकायचे जाड पत्रे, वापरून परत केली.

जशीच्या तशी न्यायची असेल तर चाळीस फुटी कंटेनर हेच तुमचं माप. आतली रुंदी २.३५ मीटर, दाराची उंची त्याहूनही थोडी कमी. पॅनेल २.२ मीटर रुंदीच्या आत बसलं नाही तर वेगळं खुलं वाहन, वेगळी परवानगी. सगळे सांधे बोल्टचे, साइटवर वेल्डिंग बंद. सांध्यात सीलंट, म्हणजे चिकट भरण, न भरता गॅस्केट, म्हणजे रबरी पट्टी, दाबा, कारण सीलंट कापून काढताना जीआरसीचे काठ तुटतात. क्रमांक स्टिकरवर नको, पावसाने जातो. चौकटीवर ठोकून उमटवा, आणि बसवल्यावरही दिसेल अशा बाजूला. दहा टक्के पॅनेल जास्तीची बनवा, उतरवताना काही फुटतातच. आणि नवीन जागा कोण देणार, तिथला वारा-भूकंपाचा भार किती, हे लेखी हातात नसेल तर 'नंतर मायदेशी नेऊ' हे वाक्य सादरीकरणातून काढून टाका. न नेलेल्या पॅव्हिलियनमध्ये जास्तीचं पोलाद आणि बोल्ट उगाच गेलेले असतात.

सौर पॅनेलबद्दल: ५०० चौरस मीटरवर साधारण १०० किलोवॅट बसतात आणि दिवसाला ४०० युनिटच्या आसपास मिळतात. चिलर एकटाच त्याहून जास्त खाईल. पॅनेल जरूर लावा, पण ती नंतर कुठल्या छतावर जाणार ते ठरवून, कारण सहा महिन्यांत ती स्वतःच्या निर्मितीचा कार्बन फेडत नाहीत. हरित इमारतीच्या प्रमाणपत्राचं म्हणाल तर लीडसारखी (LEED) पद्धत इमारत कायम एका जागी असण्याची अट घालते. अर्ज भरण्याआधी हे विचारून घ्या. कार्बनचा हिशेब मात्र प्रमाणपत्र असो वा नसो, करा, आणि त्यात प्रदर्शनाची मांडणी, पडदे, गालिचे धरा. सहसा ते कुणीच धरत नाही.

शेवटी, कंत्राट देण्याआधी एक ३ × ६ मीटरचा नमुना पूर्ण आकारात उभारून घ्या: दोन पॅनेल, एक कोपरा, माथ्याची पन्हळ आणि खालचा पाया. त्यावर अर्धा तास नळीने पाणी मारा आणि ओघळ कुठे जातात ते खडूने खुणा करून ठेवा. मग तेच कामगार, तीच क्रेन, नमुना उतरवून पुन्हा उभा करू द्या. दुसऱ्यांदा एखादा बोल्ट बसला नाही, किंवा एका पॅनेलला दोनऐवजी चार माणसं लागली, तर ड्रॉइंग परत टेबलावर घ्या.